कोरा चुंबक

‘धातूशिवाय घडणारी अभिक्रिया’ हे आमच्या शोधनिबंधाचं नाव, आणि तो उद्या पाठवायचा होता. शेवटची खात्री म्हणून मी फ्लास्कमध्ये ढवळायला जुन्याऐवजी कोरा चुंबक टाकला. सहा तासांत काहीच घडलं नाही.

जुना चुंबक तपासला. त्याच्या चऱ्यांत कुणाच्या तरी प्रयोगातलं पॅलेडियम अडकलेलं होतं. सगळं काम तो धातूच करत होता.

“हर्षदा, उपास डोक्यात गेलाय तुझ्या,” माझे मार्गदर्शक सर म्हणाले. “जुनाच चुंबक वापर. पीएचडी लांबेल, बाई.”

“चंद्र दिसल्याशिवाय मी चतुर्थी सोडत नाही, सर. मग धातू दिसल्यावर तो नाही असं कसं लिहू?”

सरांनी कित्येक वर्षांत न घातलेला ॲप्रन चढवला.

“कणभर पॅलेडियमवर एवढं होतंय, तर तेच नीट मोजू. चल.”