टेपशिवाय
टेप बंद होणार हे सिरिलला कळलं तेव्हा त्याचा बिअरचा ग्लास अर्धा झाला होता. रेग हात चोळतच पबमध्ये शिरला.

"जिंकलो रे. लेनचा स्वतःचा फोन आला. वॉल्सॉलच्या कार्यक्रमात टेप नाही. जे काही असेल ते स्टेजवरच्या माणसांचंच."

"अगदीच नाही?" सिरिलने विचारलं.

"औषधालासुद्धा नाही. तुझं तोंड का पडलं? कुणी गेलं का?"

"छे. चांगलं झालं की," सिरिल म्हणाला आणि उरलेली बिअर पिऊ लागला.

'पिट लँटर्न' हा त्यांच्याच भागातला बँड. एके काळी पोरं त्यांच्यासाठी शाळा बुडवायची. आता गायक लेन साठीला आला होता. ड्रमवाल्याचा गुडघा गेला होता. त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं शेवटी यायचं, आणि त्यातला वरच्या पट्टीचा भाग आला की मागून टेप लागायची. चलतीच्या दिवसांत एका दौऱ्यापुरत्या तीन बायका साथीला घेतल्या होत्या. त्यांची एक तालीम टेपवर उतरवली होती, तीच. लेन माइकसमोर तोंड हलवायचा आणि गाणं पुढे जायचं.

चाहत्यांच्या मंडळाचा रेग हा चिटणीस. त्याला ही टेप डोळ्यांसमोर नको होती.

"म्हातारे झालात ना, मग म्हाताऱ्यासारखं गा," तो म्हणायचा. "पट्टी उतरवा. दम लागला तर थांबा. आम्हीही जिन्यात थांबतोच. पण ही बनवाबनवी कशाला? रेकॉर्डवर त्या जागी नुसता ऑर्गन आहे. बायका नाहीतच. आणि ती हसणारी! दुसरं कडवं संपलं की एक जण खुदकन हसते. डडलीत हसली तिथंच कोव्हेंट्रीत हसली. कशाला हसते कुणास ठाऊक. लेनच्या पँटची चेन उघडी असेल."

"बुटाची टाच मोडली असेल तिच्या," सिरिल म्हणाला.

"तुला काय माहीत?"

"असेल, म्हटलं."

सिरिलचं मत उलटं होतं आणि त्यावरून रेग त्याची यथेच्छ टर उडवायचा. सिरिल म्हणायचा, माणसं थकतात, त्यांना थोडा आधार मिळाला तर कुणाचं काय जातं? रेग म्हणायचा, तुला ऐकू येत नाही, दुसरं काय. ऐकू येत असतं तर तू कार्यक्रमात उजवीकडच्या त्या मोठ्या स्पीकरला चिकटून कशाला उभा राहिला असतास? तिथून स्टेजसुद्धा दिसत नाही.

दोघांची ओळख कार्यक्रमांतलीच. बायको गेल्यावर सिरिल कार्यक्रमांना येऊ लागला. आधी एकटाच यायचा, मग रेगच्या गाडीतून. कुलपांच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, घरी कुणी नाही, एवढंच रेगला ठाऊक होतं.

"तुझ्या बायकोला, मेव्हिसला, आवडायचा का रे हा बँड?" रेगने एकदा गाडीत विचारलं होतं.

"ऐकून ऐकून कंटाळली होती."

"तूच वाजवत बसत असशील घरात."

"मी कुठला," सिरिल म्हणाला आणि काच वर करून घेतली.

मंडळाची बैठक पबच्या माडीवर झाली. टेप नको म्हणणाऱ्यांनी हात वर करा, असं रेग म्हणाला. हात वर झाले. सिरिलचा झाला नाही. रेगने त्याच्याकडे पाहिलं, मग सगळ्यांनीच पाहिलं.

"बोल बाबा. कारण सांग. ऐकतो आम्ही."

सिरिल खाकरला. हॉटेलात गार चहा मिळाला तरी आभार मानून पिणारा माणूस तो. भरल्या खोलीत उभं राहून बोलणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. तो म्हणाला, "कारण असं काही नाही," आणि त्यानेही हात वर केला.

वॉल्सॉलचा हॉल भरला होता. सिरिल सवयीने स्पीकरजवळ गेला. गाणी खालच्या पट्टीत आली. लेनचा आवाज दोनदा फाटला, एकदा तो शब्द विसरला, ते लोकांनी सांगितले. शेवटचं गाणं आलं. तो वरचा भाग लेनने गायलाच नाही, नुसता बोलला, हळू, कुणाला तरी समजावल्यासारखा. दुसऱ्या कडव्यानंतर सगळी वाद्यं थांबली. हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही.

सिरिल खाली मान घालून उभा होता.

"पाहिलंस?" रेग डोळे पुसत आला. "म्हातारा जिवंत आहे की नाही?"

"आहे," सिरिल म्हणाला. ते खरं होतं. इतकं चांगलं गाणं त्याने लेनकडून कधी ऐकलं नव्हतं. रेगचंच बरोबर होतं.

रेग कोट आणायला गेला तसा सिरिल मागच्या टेबलाकडे वळला. आवाजाचं काम बघणारा बॅरी वायरी गुंडाळत होता.

"ती जुनी टेप असते का तुझ्याकडे?"

"होती. तिच्यावरच आजचा कार्यक्रम उतरवला. कोरी टेप नव्हती जवळ. का रे, हवी होती?"

"नाही. सहज विचारलं."

"आधी बोलायचंस ना. अशीच दिली असती."

गाडीत रेगने व्हिनेगर घातलेल्या बटाट्यांचं पुडकं मध्ये ठेवलं. तो घर येईपर्यंत लेनबद्दल बोलत होता आणि सिरिल हो हो म्हणत होता. दारापुढे गाडी थांबली.

"काय झालंय तुला?" रेगने विचारलं. "टेपचं अजून वाईट वाटतंय की काय?"

"थकलो जरा. जा तू, उशीर होईल तुला."

गाडी वळून गेली. घरात दिवा नव्हता. टेपवर हसायची ती मेव्हिस, हे सांगायचं राहूनच गेलं.