सुनेची सही

रघुनाथराव पिवळं जॅकेट घालून ओट्यावर बसले होते आणि अर्धी गल्ली त्यांना बघायला जमली होती.

उर्वशी सौंसरच्या स्टँडवर बोरगावच्या बसमधून उतरली आणि पाय ओढत घरी आली. दिवसभर वर्कशॉपात विमानांची लाइफ जॅकेटं तपासून तिचे खांदे भरून आले होते. जॅकेट फुगवायचं, ठेवून द्यायचं, हवा उतरते का बघायचं, गॅसची नळकांडी तोलायची, मग घडी घालायची. घडी जरा चुकली की पुन्हा उकला. ज्या गोष्टीची गरज कधी पडू नये असं जो तो म्हणतो, तिच्यासाठी रोज कंबर मोडायची! बरं, घरी तरी कौतुक? नाव नको. ‘आमची सून फुगे फुगवायले बोरगावले जाते,’ असं हे रघुनाथराव, तिचे सासरे, चारचौघांत सांगत आणि माणसं खदखदून हसत. सुरुवातीला तिनं समजावून पाहिलं. मग नाद सोडला. पालथ्या घड्यावर पाणी.

तेच सासरे आज दुपारी अंदमानची सहल करून परतले होते. जन्मातला पहिला विमानप्रवास. तिला बघताच त्यांनी लोकांना बाजूला सारलं आणि सांगून झालेली हकीकत पुन्हा सांगायला घेतली. विमानातली बाई म्हणाली, जॅकेट सीटखाली आहे. म्हटलं बघावं तरी, म्हणून यांनी हात घातला, तर वरच्या तपासणीच्या पट्टीवर सुनेची सही. खाली सगळा समुद्र, आणि तिथं आपल्या घरचं नाव! मग ते तसंच सोडून यावं कसं? टाकलं पिशवीत. गल्लीतले मघापासून दोरी ओढा, दोरी ओढा म्हणत होते, पण म्हाताऱ्यानं कुणाला हात लावू दिला नव्हता.

“म्या म्हटलं, माही सून येऊ द्या. तिच्याच हातानं फुगवू.”

उर्वशीला भरून आलं. लग्न होऊन आल्यापासून या माणसाच्या तोंडून एक चांगला शब्द निघावा म्हणून ती झुरली होती, आणि आज तो सगळ्यांच्या देखत निघाला होता. आता करायचं तरी काय होतं? दोरी ओढायची, हसायचं आणि चहा टाकायचा. इतकी दमली होती ती, की तेवढंच करावं असं तिला मनापासून वाटलं.

तिनं दोरीला हात लावला नाही.

“मामाजी, तुमची सीट कोणती होती?”

“खिडकीची. कावून?”

“तिच्याखाली आता काहीच नाही. अन् ते विमान आताही समुद्रावरून जाऊन राहिलं असंल.”

रघुनाथरावांचा चेहरा उतरला. त्यांच्याकडे न बघता तिनं ओट्याच्या कडेला बसून वर्कशॉपात फोन लावला. विमान कुठलं, कुठून सुटलं, सीट कुठं होती, सगळं सांगितलं. साहेबांनी फोनबाहेरही ऐकू येईल असं विचारलं, पण हे जॅकेट तुमच्या हाती आलं कसं? तिथं मात्र तिची जीभ अडली. या वयात सासऱ्याला चोर कोणत्या तोंडानं म्हणायचं, आणि तेही आजच्या दिवशी?

रघुनाथरावांनी पट्टा सोडला. जॅकेट काढलं, हातानं सारखं केलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. मग तिच्या हातातला फोन घेतला.

“साहेब, चोर मी हावो,” ते गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. “अन् पकडला माह्या सुनेनं.”