बेटाची मतपेटी

"उघडली! आपल्या बेटाची पेटी उघडली!" टॉमस फोनवर इतका ओरडला की फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थाच्या गावातल्या शांत कॉफीघरात चार यात्रेकरूंनी माना वळवल्या. ब्रीजीने घाईघाईने आवाज कमी केला. टॉमस तिचा नवरा. तिकडे आयर्लंडमध्ये मतमोजणीच्या हॉलात तो सकाळपासून कठड्यावर पोट टेकून उभा होता. कर्मचारी पेटी रिकामी करून एकेक मतपत्रिका उलगडतात, आणि कठड्याअलीकडून टॉमससारखी माणसं डोळे ताणून कागदावर रेघा ओढत जातात. निकाल रात्री का लागेना, कुठल्या गावाने कुणाला मत दिलं हे त्यांना दुपारच्या जेवणाआधीच कळलेलं असतं.

ब्रीजीची थोरली बहीण मोया समोर बसली होती. उमेदवार तिचा नवरा, कोलमन. वीस वर्षं कौन्सिलर. सकाळीच ब्रीजीने देवळाबाहेर हातभर लांब मेणबत्ती विकत घेतली होती आणि मोयाच्या हातात दिली होती. "तूच लाव, बाई. नवरा तुझा."

"बोल पटकन," ब्रीजी फोनवर म्हणाली. "कोलमनला किती?"

"एक."

"दोन म्हण रे! नवरा-बायकोची दोन तरी असतीलच की."

"एकच. मी काय आंधळा आहे? माशांच्या पिंजऱ्यांचा राग काढला लोकांनी, दुसरं काय. आणि गंमत ऐक, त्या गार्व्हीलाही एक पडलंय! बेटावर कधी पाय नाही ठेवला त्याने. कोण शहाणा असेल, कुणास ठाऊक."

खाडीत कंपनीला मासे पाळायचे पिंजरे लावू द्यायला कोलमनने कौन्सिलमध्ये हात वर केला, तेव्हापासून बेटावर त्याच्याशी कुणी धड बोलत नव्हतं. त्यामुळे ब्रीजीने दोनच मतं धरली होती; तिचं आणि टॉमसचं मत किनाऱ्यावरच्या गावात होतं. तिने फोन ठेवला, बहिणीकडे पाहिलं आणि मग उगाच कॉफी ढवळत बसली.

बेटाची पेटी वेगळी मोजली जाते याचं मोयाला भानच राहिलं नव्हतं. फळीच्या आडोशाला मत दिलं, घडी घातली, आत टाकलं, संपलं, असं वाटलं होतं तिला. कुणाच्या चुलीवर आज काय शिजतंय हे जिथे शेजाऱ्याला माहीत, तिथे मत कसलं लपतंय? गार्व्हीला, त्या दुसऱ्या उमेदवाराला, तिने खांबावरच्या प्रचाराच्या फोटोतच पाहिलं होतं. त्याच्या नावापुढे पहिल्या पसंतीचा एक आकडा लिहून ती बोटीत बसली आणि यात्रेला आली. मागच्या हिवाळ्यात ती दवाखान्यात होती तेव्हा कोलमन कुठल्याशा रस्त्याच्या बैठकीला होता. आता तरी तो हरावा आणि उरलेले दिवस आपल्याजवळ बसावा, एवढंच तिला हवं होतं. त्याचा अपमान व्हावा असं तिच्या स्वप्नातही नव्हतं.

फोन पुन्हा वाजला. या वेळी मोयाचा.

"कळलं ना?" कोलमन म्हणाला. "बाकीच्या पेट्यांतही तीच गत आहे. आटोपलं म्हणायचं."

"कोलमन, आपल्या पेटीत..."

"हो, तेच सांगायला फोन केला. गार्व्हीला एक पडलं ना, ते माझं. ऐनवेळी स्वतःच्याच नावापुढे एक लिहायची लाज वाटली बघ. म्हणजे मला पडलं ते तुझं. इथे हॉलात सगळ्यांना सांगून टाकलं मी. अख्खं बेट फिरलं, पण माझी बायको नाही फिरली."

त्याच्या मागे कुणीतरी खदखदून हसलं. "अरे, या बाबाने स्वतःलाच मत दिलं नाही!" मग आणखी चार जण हसले. कोलमनही हसला, जरा जास्तच मोठ्याने.

"तू सावकाश ये," तो म्हणाला. "मी आता घरीच असेन."

मोयाने फोन टेबलावर पालथा ठेवला.

"काय म्हणाला गं?"

"गार्व्हीचं मत त्याचं होतं म्हणे."

"कोलमनचं? काहीतरीच! मतदानाच्या दिवशी लग्नातला सूट घालून जातो तो स्वतःला मत द्यायला..." बोलता बोलता ब्रीजी थांबली. हातातला चमचा तिने हळूच बशीत ठेवला.

बाहेरून यात्रेकरूंचा एक जथा गाणं म्हणत गेला.

"मोया," ब्रीजीने शेवटी विचारलं, "सकाळी मेणबत्ती लावताना काय मागितलंस?"

"तो घरी यावा," मोया म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.