तुळशीचा उपास

“पाणी पाजत राहा, आजी. परवा स्कॅनच्या वेळी रंगाचं औषध शिरेतून जाणार. यांच्या किडन्या आधीच थकल्यात. अंगात पाणी कमी पडलं तर पार बसतील.”

धुळ्याच्या डॉक्टरांचं कालचं बोलणं प्रमिलाबाईंच्या कानातून जात नव्हतं. “पाजते,” असा शब्द त्या देऊन आल्या होत्या.

पण आज एकादशी. त्या सकाळपासून जपाला बसलेल्या, म्हणून पाण्याचं काम सुनेकडे, दिपमालाकडे दिलं होतं.

“चहा तरी घे,” लोटननाना सकाळी बायकोला म्हणाले होते.

“आज थेंबही नाही. तुमचा स्कॅन सुखरूप पार पडू दे.”

मग ऊन हवं म्हणून नानांनी खाट अंगणात, तुळशीला लागून टाकायला लावली.

दुपारी प्रमिलाबाई तुळशीपाशी आल्या आणि थबकल्या. माती ओली चिंब होती. एकादशीला तुळशीला कुणी पाणी घालत नाही. त्या दिवशी तिचाही उपास.

“इथं पाणी कोणी ओतलं?”

“मी कशाला ओतू, आई?” दिपमाला म्हणाली. “मी तांब्या भरून नानांजवळ ठेवते, रिकामा उचलते.”

“मग सकाळपासून लघवीला एकदाच कसे उठले?”

“ते मला काय विचारता? मी काय किडनीत जाऊन बसलेय?”

नाना डोळे मिटून पडले होते. ओठ सुकलेले.

मागच्याच आठवड्यात सून शेजारणीला सांगत होती, सारखं धरून न्यावं लागतं, माझी कंबर गेली. प्रमिलाबाईंना ते आता आठवलं. पाणीच पाजलं नाही, म्हणजे उठवायलाही नको.

“पुन्हा भरून ठेव,” त्या हळूच म्हणाल्या. “मी जपाला बसते.”

जपाला त्या बसल्या नाहीत. माळ हातात धरून दाराच्या पडद्याआड उभ्या राहिल्या.

दिपमालाने भरलेला तांब्या खाटेजवळ ठेवला आणि ती मागच्या दारी धुणं वाळत घालायला गेली.

नानांनी डोळे उघडले. इकडे-तिकडे पाहिलं. कोपरावर उठून तांब्या उचलला आणि तुळशीत रिता केला.

“माफ कर, माय,” ते पुटपुटले. “ती बिनपाण्यानी बशेल शे. मना गळाखाल कसं उतरी?”

प्रमिलाबाईंनी माळ खुंटीला अडकवली आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. मग डॉक्टरांना दिलेला शब्द पाळायला अंगणाकडे निघाल्या. हातात भरलेले पेले दोन होते.