मोरीतली राख

भुसावळच्या गाडीची शिट्टी ऐकू आली तेव्हा दत्तात्रयचा हात कोपरापर्यंत मोरीत होता.

पाणी हलत नव्हतं. वर भाताची शितं आणि तेलाचा तवंग. सकाळपासून गज घालून टोचत होता, पण गज जरा आत जाई आणि कशाला तरी अडून थांबे.

बुधवारा पेठेतलं घर, हातभर जाड भिंत. मोरीचं पाणी त्या भिंतीतल्या भोकातून बोळातल्या गटारीत जायचं. आतली मोरी घरच्यांनी धुवायची, बाहेरची गटार झाडूवाल्या भागाबाईने काढायची. तिला कोणी आत घेत नसे, आणि घरचं कोणी गटारीला हात लावत नसे. मधल्या भोकात काय साचतं ते कोणीच बघितलं नव्हतं.

"भागाबाई, बघ ना जरा!" भोकाशी तोंड नेऊन तो ओरडला.

"माझ्याकडून साफ आहे भाऊ," पलीकडून आवाज आला. "तुमच्याच भिंतीत फसलं. सिमिट भरलं का काय आत?"

"तुझ्याकडून बांबू घाल. ढकल."

"ढकलूच ऱ्हायले ना! तुम्ही वढा."

त्याची मुलगी कमल स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी होती. "बाबा, आजी आली तर?"

"गाडी आत्ताच आली. स्टेशनावरून टांग्याला वेळ लागतो."

"आजी मला घेऊन जाईल?"

त्याने पुन्हा हात आत घातला.

सासूने, सरुबाईंनी, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर निरोप धाडला होता. माझी मंगला जाऊन वर्ष झालं. एकट्या पुरुषाच्या हातून घर होत नाही. त्यात राज्यांची नवी वाटणी होऊन तुमचं गाव नागपूरकडून सुटलं, भोपाळच्या राज्यात गेलं, पोरीला शाळेत सगळं हिंदीत शिकवतील. येते आणि घर बघते. नीट नसलं तर कमलला घेऊन जाते.

म्हणून काल त्याने घर सारवलं. फळीवरचे पितळी डबे उतरवून चिंच आणि राखेने घासले. राखेचं पाणी मोरीत सोडलं. आज मोरी तुंबली.

मंगला भांडी बाहेर ओट्यावर घासायची. राख गोळा करून उकिरड्यावर टाकायची. दत्तात्रयला ओट्यावर बसायला लाज वाटे. त्याच्या कचेरीतली माणसं त्याच बोळातून जात. बाई लावावी तर एकट्या माणसाच्या घरात बाई, तेही लोक बोलणार. मग तो दार लावून आत मोरीतच भांडी घासायचा.

कडी वाजली. कमलने दार उघडलं.

सरुबाई आत आल्या. काखेत घडी घातलेलं जुनं लुगडं होतं. त्यांनी डबे बघितले, सारवलेली जमीन बघितली. मग नाकाला पदर लावला आणि मोरीपाशी आल्या.

"हे काय हो, जावईबापू?"

"मामी, बसा. पाणी देतो." तो सासूला मामी म्हणायचा. तो उठला आणि हात बघून तसाच परत खाली बसला. हात काळे होते.

"राहू द्या." सरुबाईंनी काखेतल्या लुगड्याची घडी मोडली आणि ते जमिनीवर पसरलं. "कमल, तुझे कपडे आण. यात बांधू."

कमल बापाकडे बघत राहिली.

"जा, आण," सरुबाई म्हणाल्या.

ती गेली.

"वढा भाऊ, वढा!" भिंतीपलीकडून भागाबाई ओरडली.

दत्तात्रयने बोटं रुतवली आणि सगळा जोर लावून ओढलं. काहीतरी सुटलं. मूठभर गोळा बाहेर आला आणि पाणी घरघरत खाली उतरलं.

"आलं, आलं! अयाया, पाय भिजवले माझे!"

गोळा मोरीच्या दगडावर पडला. घट्ट बसलेली राख, नारळाच्या शेंड्या, शितं, आणि त्या सगळ्याला वेढून बसलेले केस. दत्तात्रयने तो झाकायला त्यावर हात ठेवला. सरुबाई उकिडव्या बसल्या आणि त्यांनी त्याचा हात बाजूला केला. एक केस ओढून काढला. लांब, काळा.

"माझ्या मंगलाचा," त्या म्हणाल्या.

"नाही मामी. कमलचा. मी तिला इथेच विंचरतो."

"दार लावून?"

"दार लावून."

कमल कपडे घेऊन आली. सरुबाईंनी तिला जवळ ओढलं, पाठ फिरवली, आणि वेणी मुळापासून शेवटापर्यंत चिमटीतून नेली. रिबिनीची गाठ ओढून बघितली. सुटली नाही.

"बाबा वेणी घालायला आधी खाटेच्या सुतळीवर शिकले," कमल म्हणाली. "मला खूप ओढायचे. आता नाही ओढत."

सरुबाई त्या गोळ्याकडे वळल्या. मग त्यातली राख त्यांनी दोन बोटांत चुरली.

"राख पाण्याबरोबर सोडायची नसते, जावईबापू. बाहेर घासायचं."

"बाहेर लोक..."

"बघतात. बघू देत."

कमल अजून फ्रॉक छातीशी धरून उभी होती. सरुबाईंनी जमिनीवरचं लुगडं उचललं. काठ दातात धरला आणि टरकन फाडलं. त्यातला एक तुकडा गाळणीसारखा मोरीच्या भोकावर ताणून बसवला. कडेने खडे ठेवले.

"ओत पाणी, बघू जातं का."

कमलने फ्रॉक खाली ठेवले आणि तांब्या उचलला.