धुराचे दोन बॉम्ब

जहाजावर नोकरीला गेलेल्या मेल्रॉयचा महिनाभर फोन नव्हता. डेल्सीने मोबाइलवर बंदुकांचा गेम उघडला, तर भावाच्या नावापुढे हिरवा ठिपका. “मम्मी, मेल्रॉय ऑनलाइन इलो!” बर्नादेतने पिठाच्या हातांनीच मेणबत्ती उचलली. पोराची खबर लागली की अंगणातल्या क्रुसाला लावेन, असं बोलली होती. डेल्सी समोरच्या टीममधून खेळू लागली. मेल्रॉय कायम तीच बंदूक आणि धुराचे दोन बॉम्ब घ्यायचा, धूर सोडून डावीकडूनच यायचा, तिच्याकडून मरायचा. “सामान बदल रे,” ती चिडायची. “बदललंय तर तू माका वळखतलंस कशी?” तो हसायचा. आज त्याच्या नावाचा गडी वेगळीच बंदूक घेऊन उजवीकडून आला आणि एका गोळीत तिला मारून गेला. तिने लिहिलं, ‘धूर खंय रे?’ उत्तर आलं, ‘कौन?’ बाहेर मेणबत्ती पेटली. बर्नादेतने लेकाची खबर विचारली, “काय म्हणता गो माझो झील?”