चार नंबरचा बाण

चार नंबरचा बाण पुन्हा विहिरीकडे गेला.

बाकीचे पाच फोमच्या ठोकळ्यात वीतभर जागेत घुसले होते. हा मात्र दोन हात डावीकडून निघाला आणि बुजवलेल्या विहिरीच्या कठड्यावर खर्रकन घासला. शेळ्यासुद्धा गप्प झाल्या.

"विहिरीतला साकिब बोलावतो त्याला," कासम म्हणाला. तो ठोकळ्यापासून चांगला लांब उभा होता. "फेकून दे ते भूत."

आखातातल्या रुस्ताक गावाबाहेरच्या या मळ्याचा कासम मुकादम. श्रीवर्धनचा माणूस, पण वीस वर्षांत इथला होऊन गेलेला. अर्बाबला, म्हणजे मळ्याच्या मालकाला, नेम मारून झाल्यावर चाळीस पावलं चालत जाऊन बाण बघायचा कंटाळा, म्हणून कासमने ठोकळ्याशेजारी उभं राहून कुठे लागला ते ओरडून सांगायचं, असा रिवाज पडला होता. तो नेहमी डावीकडे, बोरीच्या सावलीत उभा राहायचा. गेल्या आठवड्यात हाच बाण त्याच्या कानाला वारा घालून गेला, तेव्हापासून त्याने बोरीचं नाव टाकलं होतं. ठोकळ्याजवळ उरली ती उजवीकडच्या लिंबाची सावली.

"फेकायचा नाही," अर्बाब म्हणाला. म्हातारा मनाने चांगला, पण हट्टी. बंदुकीसारखा चाप असलेलं धनुष्य आणि सहा बाणांचा संच त्याच्या मुलाने परदेशातून आणला होता. एक ते सहा, क्रमानेच मारायचे, एकही वगळायचा नाही. शेळ्या नेणाऱ्या लांडग्यासाठी त्यांना धारदार पाती बसवली होती. "शुक्रवारी पाहुणे येणार आहेत, ताबिश. त्यांच्यासमोर माझी शोभा नको. तुला तो दुरुस्त करायला जमत नसेल तर खलास, मी दुसरा माणूस बघतो. तू सोहारला परत जा."

"जमेल, अर्बाब," मळ्यावरची यंत्रं सांभाळणारा ताबिश म्हणाला. काहीही झालं तरी त्याला या मळ्यावरून जायचं नव्हतं.

सोहार शहरात तो एका कारखान्यात लेथवर टर्नर होता. तिथलं पक्कं काम सोडून हा रत्नागिरीकर शेळ्यांच्या मळ्यावर कशाला आला, हे कासमला कधीच पटलं नव्हतं. विचारलं की ताबिश म्हणायचा, "तिथली धूळ सोसत नव्हती." रुस्ताकला गुलाबपाणी उडतं की काय! पण हात सोन्याचा होता, म्हणून कुणी फार खोदून विचारलं नाही.

पंपाच्या खोलीत त्याने बाण दोन चाकांवर ठेवून फिरवला. टोक केसभर डुलत होतं. अमीन, शेळ्यांकडे बघणारा, दारात येऊन टेकला.

"यात खरंच साकिब आहे?"

"काडी जराशी वाकडी आहे," ताबिश म्हणाला. "साधं टोक लावलं तर कळतही नाही. पातं लावलं की ते सुकाणूसारखं ओढतं. हे बघ, तीन पिसं. लाल ठिपक्याचं पीस धनुष्याच्या खोबणीत बसवायचं. ठिपका दुसऱ्या पिसावर दिला की चुकीची दिशा बदलते."

"मग विहिरीकडेच का जातो?"

ताबिशने बाण पुन्हा चाकांवर ठेवला. अमीनने आवाज खाली आणला. "कासमनेच उतरवलं होतं त्याला, गाळ काढायला. आत डिझेलचा पंप धडधडतोय, वर हा जेवायला निघून गेला. साकिब धुराने गुदमरून मेला बिचारा. पोलिसांना सांगितलं, आपणहून उतरला. मी पाहिलं होतं, पण माझी पोरं लहान आहेत रे."

"खूप जुनी गोष्ट आहे का?" ताबिशने विचारलं आणि पिसावरचा ठिपका पुसत राहिला.

दुसरं पीस खाली घेतलं तर बाण ठोकळ्याअलीकडे मातीत घुसला. तिसरं लावून त्याने गुरुवारी दुपारी, सगळे झोपले असताना, एकट्याने सात वेळा मारून पाहिलं. सातही वेळा बाण एकाच जागी गेला. मग त्याने त्या पिसावर ठिपका दिला आणि तो वाळेपर्यंत फुंकर घालत बसला.

तस्नीमचा फोन आला. ही त्याची धाकटी बहीण, बरेच दिवस माहेरीच येऊन राहिलेली. हालहवाल विचारायची नाही, एकच प्रश्न.

"झालं, भाई?"

"उद्या. इन्शाल्ला."

शुक्रवारी दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर पाहुणे सतरंजीवर बसले. कहवा फिरला. कासम आज विहिरीपासून लांब, ठोकळ्याच्या उजवीकडे लिंबाच्या झाडाला टेकून उभा राहिला. त्या बाजूला आजवर एकही बाण गेला नव्हता.

"चार नंबरचं काय?" त्याने तिथूनच विचारलं.

"आता विहिरीकडे जाणार नाही, कासमभाई," ताबिश म्हणाला. "माझा शब्द."

एक, दोन, तीन. तिन्ही मधोमध. पाहुणे माना डोलावत होते. अर्बाबने चौथा घेतला, लाल ठिपका खाली बसवला आणि चाप ओढला.

ठोकळ्यात आवाज झाला नाही. सगळ्यांनी सवयीने आधी विहिरीकडे पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. मग अमीनच्या तोंडून "या अल्ला" निघालं आणि सगळे लिंबाकडे धावले. अर्बाब हातातलं धनुष्य टाकून मातीत बसला आणि रडायला लागला. विहिरीतला आला, विहिरीतला आला, असं कुणीतरी पुटपुटत होतं.

ताबिश पाण्याच्या टाकीमागे गेला. अर्बाबचं रडणं तिथवर ऐकू येत होतं, त्याचं मात्र त्याला मनापासून वाईट वाटलं. त्याने फोन लावला.

"झालं, भाई?"

"झालं, तस्नीम. तुझ्या साकिबचे कपडे आता कुणाला तरी देऊन टाक."